मॅक्सविल : लाकडावर उभे राहिले, हिशेबात संपले

गाव कशाने उठते? पुराने उठते, साथीने उठते, धरणाच्या पाण्यात बुडते. आपल्या समाजाला तर गावाने उठवल्याच्याही आठवणी आहेत. पण कोणतीही आपत्ती आलेली नाही, भांडण नाही, जाळपोळ नाही आणि तरीही चारशे माणसांचे नांदते गाव दहा वर्षांत उभे राहिले आणि दहा वर्षांत संपले, असे कधी ऐकले आहे का? त्या गावातली शाळा बंद झाली, टपाल कचेरी बंद झाली, दुकान बंद झाले. कारण एकच. कंपनीच्या वहीत जमेपेक्षा खर्च जास्त दिसू लागला.

त्या गावाचे नाव मॅक्सविल. ते अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात, वॅलोवा जिल्ह्यातल्या डोंगराळ जंगलात होते. इतक्या दूरच्या गावाशी आपला काय संबंध, असे वाचक बंधू-भगिनींना वाटेल. संबंध आहे. त्या गावात झाडे तोडणाऱ्यांमध्ये गुलामांची नातवंडे-पतवंडे होती. त्यांना तेव्हाच्या भाषेत निग्रो म्हणत, आज आपण कृष्णवर्णीय म्हणतो. त्यांच्या मुलांसाठी शाळा वेगळी होती, घरांची वस्ती वेगळी होती आणि कामे ठरलेली होती. हे वाचताना आपल्याला काही नवे वाचतो आहोत असे वाटणार नाही. म्हणूनच ही हकिकत सांगायची आहे.

जंगल खाणारी गावे

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत पाइन वृक्षांची अफाट जंगले होती. लाकूड कंपन्यांनी ती विकत घेतली. जंगलात आरागिरणी उभी करायची, तिच्याभोवती कामगारांची घरे बांधायची, जंगलात रेल्वेचे रूळ टाकायचे, ओंडके गिरणीत आणून फळ्या कापायच्या आणि बाहेर पाठवायच्या, अशी ही पद्धत. गिरणीच्या भोवती गाव तयार होई. पण ते गाव म्हणजे कंपनीची मालमत्ता. घर कंपनीचे, दुकान कंपनीचे, डॉक्टरही बहुधा कंपनीचाच. अनेक ठिकाणी मजुरी रोख पैशांऐवजी कंपनीच्या कुपनात मिळे आणि ती कुपने कंपनीच्याच दुकानात चालत. महिनाअखेर मजुराच्या नावावर बाकी निघे. आपल्याकडच्या सावकारी उचलीचा अनुभव असलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

जंगल संपले की गाव संपे. लुईझियाना राज्यातील फुलर्टन हे त्याचे ठळक उदाहरण. तिथली प्रचंड आरागिरणी १९०७ मध्ये सुरू झाली. हजारो लोकांचे गाव वसले. भोवतालचा लांब पानांचा पाइन वृक्ष तोडून संपला आणि १९२७ मध्ये गिरणी बंद पडली. आज तिथे जंगलात काँक्रीटचे काही अवशेष तेवढे उभे आहेत. अवघ्या वीस वर्षांचे आयुष्य. अशी शेकडो गावे उठली. कंपन्या नवे जंगल शोधत पश्चिमेकडे सरकल्या.

त्यांपैकी एक कंपनी म्हणजे मिसुरी राज्यातील बोमन-हिक्स लंबर कंपनी. तिने वॅलोवा जिल्ह्यात जंगल घेतले आणि १९२३ मध्ये वॅलोवा या छोट्या शहराच्या उत्तरेस, सुमारे वीस-पंचवीस किलोमीटरवर, नवे गाव वसवले. कंपनीचा व्यवस्थापक मॅकमिलन नावाचा होता. मॅकचे गाव म्हणून मॅक्सविल. गावाचे नावसुद्धा साहेबाच्या नावावरून पडले.

मात्र ही जमीन मुळात कंपनीचीही नव्हती आणि गोऱ्यांचीही नव्हती. वॅलोवाचे खोरे नेझ पर्स या आदिवासींचे. अमेरिकन सरकारने १८६३ च्या करारात त्यांची बहुतेक जमीन काढून घेतली. वॅलोवातल्या लोकांना तो करार मान्य नव्हता. शेवटी १८७७ मध्ये सैन्याच्या धाकाने त्यांना खोरे सोडावे लागले. त्यांचा प्रमुख जोसेफ याने पुढे अनेकदा मागणी केली, पण त्याला आपल्या खोऱ्यात राहायला परत येता आले नाही. १९०४ मध्ये परक्या प्रदेशातच त्याचा मृत्यू झाला. मॅक्सविलच्या कहाणीतले हे पहिले विस्थापन. आधी आदिवासींना हुसकले, मग जंगल विकले आणि मग ते तोडायला दूरच्या राज्यांतून गरीब माणसे आणली.

राज्यघटनेतच प्रवेशबंदी

लाकूडतोडीचे कसब असलेले कामगार कंपनीला दक्षिणेतच मिळाले. अर्कान्सास, मिसिसिपी अशा राज्यांतून गोरे आणि कृष्णवर्णीय, दोन्ही प्रकारचे मजूर रेल्वेने मॅक्सविलला आले.

कृष्णवर्णीय माणूस तीन हजार किलोमीटर दूर बर्फाच्या मुलखात कशासाठी आला असेल? दक्षिणेत तो बटाईने दुसऱ्याची शेती करी आणि कर्जात राही. मतदानाचा हक्क कागदावर होता. गोऱ्या जमावाने एखाद्याला झाडाला लटकवून मारले तरी शिक्षा क्वचितच होई. १९१० च्या सुमारास या जाचातून बाहेर पडण्याची जी लाट सुरू झाली ती १९७० पर्यंत चालली आणि सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय माणसे दक्षिण सोडून गेली. मॅक्सविलला आलेली कुटुंबे या लाटेतलाच एक लहानसा ओघळ. गाव सोडून शहराकडे चला, असे बाबासाहेबांनी आपल्याला का सांगितले, ते या माणसांना कोणी न सांगता कळले होते.

पण ज्या राज्यात ते आले त्या राज्याचा इतिहास पाहा. ओरेगॉनच्या लोकांनी १८५७ मध्ये राज्यघटनेवर मतदान केले. त्यात दोन प्रश्न वेगळे विचारले होते. गुलामगिरी हवी का? बहुमताने उत्तर आले, नको. मुक्त कृष्णवर्णीयांना राज्यात येऊन राहू द्यावे का? त्यालाही उत्तर आले, नको. आणि हे बहुमत पहिल्यापेक्षाही मोठे होते, सुमारे आठास एक. म्हणजे गुलामही नको आणि शेजारीही नको. ही बंदी घटनेत लिहूनच १८५९ मध्ये ओरेगॉन अमेरिकेच्या संघराज्यात सामील झाले. यादवी युद्धानंतरच्या १८६८ च्या घटनादुरुस्तीने ती बंदी कायद्याने निष्प्रभ झाली, तरी घटनेतले कलम १९२६ पर्यंत तसेच राहिले. वंशभेदी शब्द तर २००२ मध्ये मतदान घेऊन काढावे लागले.

याचा अर्थ असा की १९२३ मध्ये मॅक्सविलला उतरलेला कृष्णवर्णीय मजूर ज्या राज्यात पाय ठेवत होता, त्या राज्याच्या घटनेत ‘तू इथे राहायचे नाही’ असे अजून लिहिलेले होते. १९२० च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या सुमारे पावणेआठ लाख होती आणि त्यात कृष्णवर्णीय अवघे दोन हजारांच्या आसपास. त्यातही बरेचसे पोर्टलंड शहरात. शिवाय त्याच काळात कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्या वर्चस्ववाद्यांची संघटना ओरेगॉनमध्ये जोरात होती. १९२२ मध्ये निवडून आलेल्या राज्यपालाला तिचा पाठिंबा होता.

कायदा विरोधात, सत्ता विरोधात, हवामान विरोधात. तरी माणसे आली. कारण कामाला हात हवे होते.

एक गाव, दोन वस्त्या

मॅक्सविलची वस्ती सुमारे चारशे होती. त्यांत चाळीस ते साठ माणसे कृष्णवर्णीय. काही घरे रेल्वेच्या उघड्या डब्यांवर लादून आणली आणि जमिनीवर उतरवून ठेवली. दुकान होते, टपाल कचेरी होती, कंपनीची कचेरी होती. शाळाही होती, पण गोऱ्यांच्या मुलांची वेगळी आणि कृष्णवर्णीयांच्या मुलांची वेगळी. घरांची वस्तीही वेगळी.

बेसबॉल हा त्यांचा आवडता खेळ. त्याचे संघसुद्धा दोन होते, गोऱ्यांचा एक आणि काळ्यांचा एक. गंमत अशी की शेजारच्या गावाशी सामना असला की दोन्ही संघांतले चांगले खेळाडू एकत्र करून मॅक्सविलचा एकच संघ उतरे. सामना जिंकायचा असला की रंग आड येत नसे. सामना संपला की ज्याने त्याने आपापल्या वस्तीत जायचे. आपल्याकडे गावाच्या कुस्तीत, कबड्डीत, बँडच्या पार्टीत हे कोणी पाहिले नाही? वाजवताना आपला, जेवताना परका.

कामाची वाटणीही अशीच. झाडे कापणे, ओंडके लोटणे, ते चिमट्यात अडकवणे, डब्यांवर चढवणे, रुळांसाठी वाट करणे, ही अंगमेहनतीची कामे कृष्णवर्णीयांकडे. मुकादमी, करवतींना धार लावण्याचे काम, ट्रकचे कंत्राट, पूल बांधणे ही कामे गोऱ्यांकडे. धार लावणारा हा या धंद्यातला कसबी माणूस. करवत दात धरते की नाही, यावर दिवसाची मजुरी ठरते. म्हणजे करवत ओढायची काळ्याने आणि तिचे कसब राहायचे गोऱ्याच्या हातात.

इथे मला मुंबईच्या कापड गिरण्या आठवतात. गिरणीत अस्पृश्य कामगारांना कताईच्या खात्यात घेत, पण विणाई खात्यात घेत नसत. कारण सांगितले जाई ते असे की धाग्याचे टोक ओढून घेताना त्याला तोंड लागते आणि अस्पृश्याची उष्टी कांडी सवर्ण कामगाराने कशी हाताळायची? विणाई खात्यात पगार जास्त होता. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न रोखठोक ठेवला. कामगारांची एकजूट म्हणता, तर मग आमच्या माणसाला चांगल्या पगाराच्या खात्यात मज्जाव का? या एका प्रश्नातच बाबासाहेबांचा सगळा कामगारविचार आहे. भांडवलदार एका बाजूने पिळतो हे खरे, पण शेजारी उभा असलेला कामगारही दुसऱ्या बाजूने दार लावून घेतो. मॅक्सविलच्या करवतीवर आणि परळच्या मागावर एकच नियम चालत होता.

करवतीची दोन टोके

त्या काळी झाड कापायला यंत्र नव्हते. दोन माणसांनी दोन टोकांनी ओढायची लांब करवत होती. एकाने ओढायचे तेव्हा दुसऱ्याने सैल सोडायचे. दोघांनी एकदम जोर लावला तर पाते वाकते. ज्याने लकडगंजात किंवा कोणत्याही जुन्या वखारीत खड्ड्यावर ओंडका ठेवून हातकरवतीने कापणारी जोडी पाहिली असेल, त्याला हा ताल माहीत आहे. श्वास जुळला नाही तर काम होत नाही. झाड पडताना कोणत्या बाजूला पडेल, हे दोघांनाही एकाच क्षणी कळावे लागते. चुकले तर जीव जातो.

जंगलातले काम जीवघेणेच होते. ओंडका घसरतो, साखळी तुटते, फांदी वरून कोसळते. थंडीत कमरेएवढा बर्फ. अशा कामात माणसांना एकमेकांची गरज पडते आणि गरज पडली की कधीकधी भिंतीला फटही पडते. मॅक्सविलच्या जुन्या लोकांच्या आठवणींत असा एक प्रसंग सांगितला जातो की क्लॅनचे लोक गावातल्या कृष्णवर्णीयांना धमकवायला आले, तेव्हा व्यवस्थापकाने त्यांना हुसकून लावले. त्याच्या मनात समतेचा विचार होता, की कामगार पळाले तर ओंडके कोण कापणार हा हिशेब होता, हे आज कोणी सांगू शकत नाही. मजुराला मात्र त्या रात्री झोप लागली असेल. तेवढे मोल त्या कृतीला द्यायला हवे आणि त्यापेक्षा जास्त देऊ नये. कारण ज्याच्या मर्जीने संरक्षण मिळते, त्याच्या मर्जीने ते जातेही. हक्काने मिळालेले संरक्षण तेवढे आपले असते.

वही मिटली

१९२९ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला आणि महामंदी आली. घरे बांधणे थांबले की लाकूड कोण घेणार? फळ्यांचे भाव पडले. १९३३ मध्ये अमेरिकेत दर चार कामगारांमागे जवळजवळ एक बेकार होता. त्याच वर्षी कंपनीने मॅक्सविलचा कारभार बंद केला.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि पेशाने कारकून. ताळेबंद कसा लिहितात हे मला माहीत आहे. त्यात यंत्रांची किंमत असते, रुळांची असते, पडून असलेल्या मालाची असते. दरवर्षीचा घसारासुद्धा नोंदवतात. पण एखाद्या बाईने दहा वर्षे ज्या चुलीपुढे स्वयंपाक केला, तिच्या घराची किंमत त्या पत्रकात कुठेच नसते. पोरांनी जिथे पहिली अक्षरे गिरवली त्या शाळेचा घसारा कोणी काढत नाही. कंपनीच्या दृष्टीने गाव बंद करणे ही एक नोंद होती. माणसांच्या दृष्टीने तो मुलूखच पायाखालून गेला होता.

घर कंपनीचे होते, त्यामुळे विकायला काही नव्हते. जमीन कंपनीची, त्यामुळे कसायला काही नव्हते. काही कुटुंबे थोडा काळ आसपास टिकली. बाकीची ला ग्रँड, पेंडलटन, पोर्टलंड अशा गावांकडे पांगली. रिकाम्या घरांवर बर्फ साचत राहिला. १९४६ च्या हिवाळ्यात मोठे हिमवादळ झाले आणि उरलीसुरली बहुतेक घरे त्याच्या भाराने कोसळली. कंपनीची ओंडक्यांची इमारत तेवढी पुढे अनेक वर्षे उभी होती. बाकी गवताचे कुरण.

त्याच ओरेगॉन राज्यात दोन वर्षांनी आणखी एक वस्ती नाहीशी झाली. दुसऱ्या महायुद्धात पोर्टलंडच्या जहाज कारखान्यांना कामगार हवे होते. त्यांच्यासाठी नदीकाठच्या सखल जागेत व्हॅनपोर्ट नावाचे शहर घाईघाईने उभारले. पोर्टलंडमध्ये कृष्णवर्णीयांना घर मिळणे कठीण, म्हणून ते मोठ्या संख्येने इथे राहिले. युद्ध संपल्यावरही सुमारे साडेअठरा हजार लोक तिथेच होते. त्यांतले साधारण एक-तृतीयांश कृष्णवर्णीय. ३० मे १९४८ रोजी सकाळी अधिकाऱ्यांनी पत्रके वाटली की घाबरू नका, बांध सुरक्षित आहेत. त्याच दिवशी दुपारी बांध फुटला. पंधरा माणसे दगावली आणि शहर एका दिवसात वाहून गेले.

मॅक्सविल मंदीने गेले, व्हॅनपोर्ट पुराने गेले. पण मुळाशी दोष एकच. माणसाला कामापुरते बोलावले, कामापुरते छप्पर दिले आणि त्या छपराचा कागद कधी त्याच्या हातात दिला नाही.

मुलीला माहीत नव्हते

आता या हकिकतीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग.

मॅक्सविलला १९२३ मध्ये अर्कान्सासहून आलेल्या तरुण मजुरांमध्ये लकी ट्राइस नावाचा एक होता. पुढे तो ला ग्रँड गावात स्थायिक झाला. त्याची मुलगी ग्वेन ट्राइस तिथेच वाढली. पण आपला बाप जंगलात लाकूडतोड्या होता, मॅक्सविल नावाचे गाव होते, तिथे आपल्या माणसांची वस्ती होती, यातले काहीही तिला ठाऊक नव्हते. ते कळले मोठेपणी, वडील गेल्यानंतर.

मग ती कामाला लागली. मॅक्सविलमध्ये राहून गेलेली जी म्हातारी माणसे हयात होती, त्यांना ती शोधत गेली. त्यांत काळेही होते आणि गोरेही. त्यांच्या आठवणी नोंदवल्या, जुनी छायाचित्रे गोळा केली. ओरेगॉनच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने २००९ मध्ये तिच्या या शोधावर माहितीपट केला. तिने मॅक्सविलचा वारसा जपणारी संस्था स्थापन केली. कंपनीची ती ओंडक्यांची इमारत जपण्याचे काम संस्थेने हाती घेतले. आणि २०२२ मध्ये संस्थेने मॅक्सविलची मूळ जागाच विकत घेतली. ज्या जमिनीवर बापाला घराचा कागद मिळाला नव्हता, त्या जमिनीचा कागद मुलीच्या पुढाकाराने झाला. पंचनामा, मोर्चा, घोषणा यांचे मोल आहेच. पण एका बाईने चिकाटीने विचारलेल्या प्रश्नांचे मोलही कमी नाही.

बापाने का सांगितले नसेल? मला वाटते, त्याला लाज वाटत नसावी. त्याला मुलीला त्या वेगळ्या शाळेची, वेगळ्या वस्तीची गोष्ट सांगून दुखवायचे नसावे. किंवा एवढेच की, घरी आल्यावर दमलेला माणूस कामाचे बोलत नाही.

आपल्या घरातली करवत

हे मी अनुभवाने लिहितो. माझे वडील नागपूरच्या लकडगंजात एका आरागिरणीत कामाला होते. संध्याकाळी घरी येत तेव्हा त्यांच्या केसांत, भुवयांत, कानाच्या पाळीत भुसा असे. आई ओसरीवरच त्यांच्या अंगावरचा सदरा झटकायला लावी. उजव्या हाताचे एक बोट अर्धे होते. लहानपणी मी विचारले तर म्हणत, “मशीननं खाल्लं.” बस, एवढेच. कोणत्या साली, भरपाई मिळाली की नाही, किती दिवस घरी बसले, मालक काय म्हणाला, यांतले मी काही विचारले नाही आणि त्यांनी काही सांगितले नाही. त्यांचे नाव त्या गिरणीच्या हजेरीपटावर होते की ते रोजंदारीचे म्हणून वहीबाहेरच राहिले, हेही मला माहीत नाही. ते गेले.

परवा माझी मुलगी शाळेतून कुटुंबाची माहिती लिहायचा कागद घेऊन आली. “बाबा, आजोबांचं काम काय लिहू?” मी म्हणालो, “मजुरी लिही.” ती म्हणाली, “कसली मजुरी?” मी सांगू लागलो आणि दोन वाक्यांत थांबलो. आयुष्यभर मी कचेरीत इतरांच्या हजेऱ्या, रजा, बढत्या, निवृत्तिवेतन नोंदवत आलो. कोणाच्या सेवापुस्तकात एक दिवसाचा खंड पडला तर मी टाचण लिहितो. आणि माझ्या वडिलांच्या चाळीस वर्षांच्या सेवेची एक ओळ माझ्याकडे नाही. मॅक्सविलची हकिकत मला तेव्हा खरी कळली.

आपला समाजही अशाच गावांतून आला आहे. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली आणि २००२ मध्ये कायमची बंद पडली. तिच्या भोंग्यावर कितीतरी वस्त्यांची चूल पेटत असे. मुंबईत १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद झाल्या. आज त्या जागी उंच इमारती आणि बाजार आहेत. १९२० च्या दशकात, म्हणजे मॅक्सविल वसले त्याच सुमारास, वरळी-नायगावच्या बी.डी.डी. चाळी उभ्या राहिल्या. त्या चाळींनी आपल्या कितीतरी कार्यकर्त्यांना आणि शाहिरांना वाढवले. रेल्वेचे कारखाने, दारूगोळ्याचे कारखाने, बीडीचे कारखाने, सफाई कामगारांच्या वसाहती. या प्रत्येक ठिकाणी आपली माणसे होती. यांतली किती ठिकाणे आज आहेत? आणि त्यांत राबलेल्या किती जणांची एक पानभर तरी हकिकत कोणाकडे आहे?

बाबासाहेबांना नोंदीचे मोल माहीत होते. १९१३ ते १९१६ या काळात ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. कृष्णवर्णीयांचा प्रश्न त्यांनी अभ्यासला होता. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. ड्यू बॉइस यांनी उत्तरही पाठवले. त्यांनी फक्त सहानुभूती कळवली नाही, प्रत मागितली, हे लक्षात घ्या. कागद हवा होता. पुढे १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिचे नाव अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून घेतले गेले. म्हणजे हा दोन समाजांतला पत्रव्यवहार जुना आहे. मॅक्सविलची हकिकत हे त्यातलेच एक उशिरा हाती आलेले पत्र समजावे.

एवढे करू या

लेख वाचून हळहळण्याने काही होत नाही. म्हणून कुटुंबातल्या प्रत्येकाला जमेल असे सुचवतो.

घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ एका रविवारी विहारातून आल्यावर बसा. त्यांना मोठे प्रश्न विचारू नका. ‘तुमच्यावर अन्याय झाला का’ असे विचारले तर म्हातारी माणसे ‘जाऊ दे’ म्हणतात. लहान प्रश्न विचारा. कामाला किती वाजता निघायचे? डब्यात काय असायचे? पाण्याचा माठ वेगळा होता का? पहिला पगार किती? मुकादम कोणत्या जातीचा होता? खाडा झाला तर किती कापायचे? कोणते काम शिकायचे होते आणि शिकू दिले नाही? उत्तरे आपोआप मोठ्या प्रश्नापर्यंत पोहोचतात.

आजीला आजोबांइतकेच विचारा, किंबहुना आधी विचारा. कारखाना आजोबांनी चालवला असेल, पण वस्ती आजीने चालवली.

जुने कागद फेकू नका. पगारपत्रक, रेशनकार्ड, युनियनची पावती, गेटपास, शाळेचा दाखला, धम्मदीक्षेच्या वेळचा फोटो, हे सारे एका पिशवीत ठेवा. फोटोच्या मागे नावे आणि साल पेन्सिलीने लिहा. मोबाइल आहे तर आवाज नोंदवून ठेवा. शाळेत शिकणाऱ्या मुलामुलींनी ते एका वहीत उतरवावे. त्यांचे अक्षरही सुधारेल आणि घराचा इतिहासही तयार होईल. वस्तीतल्या विहारात किंवा वाचनालयात अशा वह्यांसाठी एक फडताळ राखून ठेवता आले तर फार उत्तम.

दुसरी गोष्ट घराच्या कागदाची. कारखान्याची खोली, नोकरीचे क्वार्टर, ठेकेदाराने दिलेली झोपडी हे सगळे मॅक्सविल आहे, हे ओळखा. नोकरी आहे तोवर आपल्या नावाचा, आणि घरधनिणीच्याही नावाचा, घराचा कागद व्हावा यासाठी धडपडा. पुनर्वसनाच्या बैठकीला घरातले कोणीतरी गेलेच पाहिजे आणि वाचल्याशिवाय सही करू नये.

मी माझ्यापुरती सुरुवात केली आहे. लकडगंजात वडिलांसोबत काम केलेले एक वृद्ध गृहस्थ अजून हयात आहेत, असे कळले. मागच्या रविवारी मुलीला घेऊन त्यांच्याकडे गेलो. जयभीम केला, वडिलांचे नाव सांगितले. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “अरे, तू त्याचा काय? त्याच्या हातची करवत कधी वाकडी चालली नाही.”

मुलीने ते वाक्य वहीत लिहून घेतले. आमच्या घरातली ती पहिली नोंद.